जावक क्रमांक ४१७

१४ मार्च

मामा, नमस्कार.

आधी घडलेलं क्रमाने लिहिते.

१. अर्थशास्त्राच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात. नोकरी करून शिकणाऱ्याला त्यासाठी सहा वर्षं मिळतात. माझं सहावं वर्ष ३० जूनला संपतं. त्यानंतर आधी मिळवलेली सगळी क्रेडिट रद्द होतात.

२. आठ विषय सक्तीचे आहेत. संख्याशास्त्र त्यांतलं एक. ते झाल्याशिवाय अर्थमिती घेता येत नाही.

३. मापनतंत्राच्या पदविकेत संख्याशास्त्र झालेलं असल्यामुळे तिसऱ्या वर्षी मी त्यात सूट मागितली. सूट दिल्याचं पत्र मला २२ ऑगस्टला मिळालं. जावक क्रमांक ४१७. खाली तेव्हाच्या विभागप्रमुखांची सही.

४. २३ ऑगस्टला, म्हणजे शेवटच्या दिवशी, त्या पत्राच्या आधारे अर्थमितीला नाव नोंदवलं. गुण १०० पैकी ७८.

५. या १० मार्चला तपासणीची चिठ्ठी आली. 'सूट नोंदीत आढळत नाही. संख्याशास्त्राची ६ व अर्थमितीची ६ क्रेडिट ग्राह्य नाहीत. एकूण १०८.'

६. १२ मार्चला मी येऊन आताच्या प्रमुखबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, जावक रजिस्टरमध्ये ४१७ वर खुर्च्या पुरवणाऱ्याला गेलेलं पत्र आहे. रजिस्टर बघू का विचारलं, तर म्हणाल्या, गरज नाही.

७. बाईंनी मार्ग सांगितला. मी अर्ज करायचा : 'नियम न वाचता मी अर्थमितीला नाव घातले. चूक माझी आहे.' माझ्याकडचं मूळ पत्र परत द्यायचं. मग उन्हाळी परीक्षेत संख्याशास्त्राला बसू देतील आणि अर्थमिती ग्राह्य धरतील. शेवटची तारीख २५ एप्रिल.

८. मी सही केली नाही.

बाई आवाज चढवून बोलल्या नाहीत. एक शब्द वापरावा लागू नये म्हणून हा मार्ग काढलाय, असं म्हणाल्या. कोणता शब्द, असं मी विचारलं. त्यांनी चहा मागवला. शब्द 'बनावट' आहे हे मला कळतं.

विभागातलं आवक-जावकचं टेबल एकतीस वर्षं तुमच्याकडे आहे. म्हणून तीन प्रश्न. एका क्रमांकावर दोन पत्रं जाऊ शकतात का? त्या ऑगस्टमध्ये तशी गेली का? माझ्या पत्राची कार्यालयीन प्रत कुठे असेल? १२ तारखेला तुम्हालाच विचारणार होते, पण तुम्ही टेबलावर नव्हता.

फोन करू नका, लिहा. फोनवर आपण फक्त तब्येतीचं बोलतो.

तुमची भाची


१९ मार्च

चि. मिलिग्रॅम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे पत्र आहे की पंचनामा? मी म्हटलं, अगं, सात वर्षांची असताना दुकानदाराला 'काका, आधी रिकामा काटा दाखवा' म्हणणारी पोर ही. त्या दिवशी मी तुझं नाव मिलिग्रॅम ठेवलं आणि तू ते आजवर खाली पडू दिलं नाहीस. बिचाऱ्याने काट्याखालची चकती काढून खिशात घातली होती, आठवतं? आपण त्या दुकानात परत गेलोच नाही. आपण म्हणजे मी. तू जायला तयार होतीस.

आता कामाचं. तुझ्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच : जुनी गोष्ट आहे. माझ्या हाताखालून वर्षाला हजार-बाराशे पत्रं जातात. कुठलं कधी गेलं हे मी आता काय सांगणार? तेव्हाचे प्रमुख निवृत्त होऊन मुलाकडे गेले, त्यांना स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही.

माझं ऐकशील तर दोन ओळींचा अर्ज देऊन मोकळी हो. 'चूक माझी आहे' म्हटल्याने अंगाला भोकं पडत नाहीत. मी घरात दिवसातून चारदा म्हणतो, मामीला विचार. संख्याशास्त्राचा पेपर तू डोळे मिटून सोडवशील. आणि बाई मूळ पत्र मागतायत तर देऊन टाक. त्या कागदाला कवटाळून काय मिळणार आहे?

तुझ्या आईचा फोन होता. म्हणाली, दादा, तूच समजाव, माझं ती ऐकत नाही. मी म्हटलं, तुझ्यावरच गेलीय. तर माझ्यावरच चिडली.

३१ मेला मी निवृत्त होतोय. जाता जाता विभागात वादावादी नको. एवढं मामासाठी कर.

तुझा,
मामा


२३ मार्च

मामा, नमस्कार.

पत्र पोचलं. तीन प्रश्नांचं एकच उत्तर दिलंत, आणि ते तिन्हींपैकी कशाचंच नाही.

सही का करत नाही ते सांगते. एकदाच सांगते, कारण आईला चारदा सांगून झालंय.

आमच्या प्रयोगशाळेत वजनकाटा तपासणीला येतो तेव्हा पहिलं काम त्याला हात न लावण्याचं असतं. तो जसा आला तसा काय दाखवतो, ते आधी लिहायचं. त्या रकान्याला आम्ही 'आधीचं वाचन' म्हणतो. मग दुरुस्ती. मग 'नंतरचं वाचन'. नवे लोक पहिला रकाना मोकळा सोडतात, कारण काटा आता बरोबर दाखवतोय, मग जुनं कशाला उगाळायचं. पण तो काटा वर्षभर औषधाच्या कारखान्यात चालत असतो. तो किती चुकत होता हे कळलं नाही, तर वर्षभराच्या गोळ्यांचं काय करायचं हेही कळत नाही. आमच्याकडे खोडरबर नाही. आकडा चुकला तर एका रेघेने खोडायचा, खालचा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही.

दोन वर्षं झाली, प्रमाणपत्रावर शेवटची सही माझी असते. त्या सहीवर लोक काटा वापरतात. 'चूक माझी आहे' हे एक वाचन आहे. ते कुणी घेतलेलं नाही. न घेतलेल्या वाचनाखाली मी सही करत नाही, मग तो काटा असो नाहीतर अर्ज.

पेपरला मी घाबरत नाही. संख्याशास्त्राला बसायचं असेल तर उद्या बसते. पत्र मात्र परत देणार नाही. ते खरं आहे.

सूक्ष्म अर्थशास्त्रात आम्हाला एक प्रकरण होतं : व्यवहारात एकाला जास्त माहिती असेल, तर अटी तो ठरवतो. इथे माहिती रजिस्टरमध्ये आहे. नियमावलीप्रमाणे विद्यार्थ्याला स्वतःसंबंधीची नोंद बघता येते. मी बाईंना तसं लिहिलं आहे आणि २९ तारखेला रजा घेऊन येते आहे. त्या वर्षीचं जावक रजिस्टर तेवढं काढून ठेवा.

तुमची भाची

ता. क. चकती आठवते. सतरा ग्रॅमची होती.


२६ मार्च

चि. मिलिग्रॅम,

घाईत लिहितोय. २९ ला येऊ नकोस. जुनी रजिस्टरं बाइंडिंगला दिलीत, कधी येतील सांगता येत नाही. शिवाय मामीची दाढ दुखतेय, तिला दाखवायला मी त्या दिवशी रजेवर. पाच तासांचा प्रवास करून तुला बंद कपाट बघावं लागेल. त्यापेक्षा डोक्यावर बर्फ ठेव आणि अर्जाचा विचार कर. वाटल्यास शब्द थोडे सौम्य करून देतो. 'चूक माझी' ऐवजी 'चूक झाली' चालेल का, बाईंना विचारू?

मामा


३० मार्च

मामा, नमस्कार.

तुमचं २६ तारखेचं पत्र मला काल संध्याकाळी, तिकडून परत आल्यावर मिळालं. त्यामुळे मी गेले होते.

रजिस्टर बाइंडिंगला गेलेलं नाही. तुमच्या टेबलामागच्या कपाटात तिसऱ्या फळीवर आहे. शिवण शाबूत आहे. बाईंनी ते मला दिलं, समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि स्वतःचं काम करत राहिल्या. मी ते खिडकीपाशी नेलं. भिंग मी प्रयोगशाळेतलं नेलं होतं.

जे दिसलं ते असं.

४१७ वर, २३ ऑगस्टच्या तारखेने, शाईत लिहिलंय : 'खुर्च्या ३०, दुरुस्तीबाबत.' अक्षर तुमचं. पान तिरकं धरलं की त्या ओळीखाली शिसपेन्सिलीचे वळ दिसतात. पेन्सिल पुसली गेली आहे, कागद दबलेला आहे. वळ वाचता येतात : 'सूट, संख्याशास्त्र.' त्यातला ख तुम्ही र आणि व वेगवेगळे काढून लिहिता तसा आहे. इतक्या वर्षांत तसा ख मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

एका ओळीवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून ती धरून मी पुढच्या-मागच्या चाळीस नोंदी तपासल्या. सगळ्यांखाली पेन्सिल आहे. म्हणजे तुमची पद्धत अशी : आधी पेन्सिलीने क्रमांक आणि विषय, आणि पत्र टपालाच्या थैलीत पडलं की त्यावर शाई. एकोणचाळीस ठिकाणी पेन्सिल आणि शाई एकच बोलतात. एका ठिकाणी नाही.

बाईंनी विचारलं, काही मिळालं का. मी म्हटलं, लेखी कळवते. तुमचं नाव घेतलं नाही.

माझं पत्र टपालाने आलं नव्हतं, हे आपल्या दोघांना माहीत आहे. त्या दिवशी काय झालं ते तुम्ही लिहा. मी लिहिलं तर तो अंदाज होईल, आणि अंदाजावर मला तुमच्याविषयी काही लिहायचं नाही.

तुमची भाची


११ एप्रिल

चि. मिलिग्रॅम म्हणणार होतो. नुसतं चि. राहू दे.

मामीची दाढ बरी आहे. ती आधीही बरीच होती.

तुझ्यासारखं क्रमाने लिहून बघतो.

१. त्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी तुझ्या पत्रावर सही केली. मी क्रमांक टाकला, रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहिलं.

२. मग घड्याळाकडे नाही, कॅलेंडरकडे बघितलं. २३ ही नावनोंदणीची शेवटची तारीख. टपालाला तीन-चार दिवस. अर्थमिती दोन वर्षांतून एकदाच शिकवतात. मी साहेबांना म्हटलं, अर्धा दिवस रजा द्या, पोटात दुखतंय. ते म्हणाले, कुणाच्या?

२अ. प्रत काढायची राहिली. प्रती काढायचं मशीन बंद होतं, मी म्हटलं उद्या.

३. साडेअकराची बस मिळाली. साडेचार वाजता तुमच्या प्रयोगशाळेच्या दारात होतो. तू पांढऱ्या कोटात बाहेर आलीस, पत्र उघडलंस, वाचलंस, तारीख तपासलीस आणि म्हणालीस, 'मामा, पाणी?' मिलिग्रॅमकडून एवढं म्हणजे मिरवणूकच. मी परतीच्या बसमध्ये वाटभर हसत होतो.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी थैली रिकामी, ४१७ वर पेन्सिल. माझी सवय अशी की सकाळी पेन्सिल उरलेली दिसली, म्हणजे ते पत्र रद्द झालं. हाताने रबर घेतलं. डोकं अजून बसमध्येच होतं. खुर्च्यांचं पत्र समोर आलं, त्याला ४१७ दिला.

याच्यापुढे क्रमांक घालवत नाही.

मार्चमध्ये बाईंनी मला विचारलं, हे सूट-पत्र आपल्याकडून गेलंय का? मी रजिस्टर उघडलं आणि क्षणात सगळं आठवलं. आणि मी म्हणालो, 'रजिस्टरमध्ये नाही म्हणजे गेलेलं नाही.' तू १२ तारखेला आलीस तेव्हा मी वर रेकॉर्डच्या खोलीत होतो. वर काही काम नव्हतं. खिडकीतून तुला जाताना बघितलं.

बाईंना काय म्हणालो, ती एक ओळ लिहायला मला बारा दिवस लागले. तुझ्या आईला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. दोन महिन्यांवर निवृत्ती आहे, चौकशी लागली तर कागद अडकतील, हे खरं. पण ते नंतर सुचलं. आधी एवढंच वाटलं, की एकतीस वर्षांत माझा एक क्रमांक चुकला नाही असं सगळे म्हणतात, आणि मलाही तसं म्हणायची सवय झालीय.

आता ऐक. हे सरळ होतं. त्या पानावर खाली एक ओळ मोकळी आहे. त्या वर्षीची शाईची बाटली माझ्या खणात आहे, अजून ओली आहे. ४१७/अ, तारीख २२ ऑगस्ट, तुझं पत्र. पाच मिनिटांचं काम. बाई परत बघतील तेव्हा म्हणतील, अरेच्चा, हे तर आहे. तुला अर्ज द्यायला नको, पेपर नको, पदवी हातात. मलाही कुणी काही विचारणार नाही. आणि त्यात खोटं काय आहे? पत्र गेलंच होतं. मीच नेलं होतं.

तू फक्त हो म्हण. सोमवारी करतो.

मामा


१५ एप्रिल

मामा, नमस्कार.

नाही.

शाईची बाटली खणातच राहू द्या. त्या ओळीत २२ ऑगस्ट लिहिलंत, तर आजपर्यंत जे माझ्याबद्दल नुसतं म्हटलं जातंय, ते उद्या खरं होईल. आता माझ्याकडे एक खरं पत्र आहे. त्यानंतर खऱ्या पत्राला खोटी नोंद जोडलेली असेल. काटा बरोबर दाखवेल आणि पहिला रकाना रिकामा असेल.

४१७/अ लिहा. पण आजची तारीख घाला. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहा, बाईंसमोर लिहा, आणि खाली सही करा. चूक अशीच दुरुस्त करतात. ती सापडली त्या दिवशी.

सोबत माझं निवेदन जोडलं आहे. पहिल्या पत्रातले आठ मुद्दे तेच आहेत, तिसरा सोडून. तिसऱ्यात मी लिहिलं होतं, 'पत्र मला मिळालं.' कुणी आणून दिलं ते लिहिलं नव्हतं. विसरले नव्हते. तुम्हाला यात ओढायला नको, म्हणून तेवढी जागा मी मोकळी ठेवली होती. म्हणजे दुरुस्ती आधी मीच केली होती. ते बरोबर नव्हतं. आता तो मुद्दा असा आहे :

'सूट दिल्याचे पत्र विभागातील आवक-जावक लिपिकांनी २२ ऑगस्टला पाच तास प्रवास करून माझ्या हातात दिले. ते माझे मामा आहेत. पत्र टपालाने पाठवले असते तर मला नावनोंदणी करता आली नसती. पत्र थैलीत न पडल्यामुळे रजिस्टरमधील पेन्सिलीची नोंद दुसऱ्या दिवशी पुसली गेली व तो क्रमांक दुसऱ्या पत्राला दिला गेला. नोंदीचे वळ पानावर आहेत. कोणालाही पाहता येतील. मागच्या-पुढच्या चाळीस नोंदी मी तपासल्या. इतर सर्व बरोबर आहेत.'

बाईंनी तुम्हाला काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, हे मी त्यात घातलेलं नाही. मी तिथे नव्हते. ते तुम्ही बाईंना सांगायचं. आईला काय सांगायचं, तेही तुमचंच काम.

'चूक झाली' असं लिहायला मी तयार नाही. चूक होत नसते, कुणीतरी करतं. 'कार्यालयीन चूक' असंही लिहिणार नाही, कारण कार्यालय साडेअकराची बस पकडत नाही.

याचे परिणाम मी मोजले आहेत. तुमची चौकशी लागू शकते. लागली तर मी रजा काढून येईन आणि जे पाहिलं ते सांगेन, चाळीसच्या चाळीस नोंदी. माझं निवेदन फेटाळलं जाऊ शकतं. तर ते लेखी फेटाळा, असं मी मागेन आणि तो कागद घेऊन वर जाईन. ३० जूनपर्यंत काहीच झालं नाही, तर सहा वर्षं जातील. ती जावीत असं मला वाटत नाही. सकाळी साडेपाचला उठून मी ती केली आहेत. पण बाईंचा अर्ज मी देणार नाही, आणि मूळ पत्रही देणार नाही. त्याची घडी अजून तुमच्या खिशाच्या मापाची आहे.

एक मुद्दा निवेदनात बसत नाही, म्हणून इथे लिहिते. त्या दिवशी तुम्हाला पाणी दिल्यावर मी आत गेले आणि अर्धा तास काही काम केलं नाही. रोजच्या नोंदवहीत तेवढी जागा रिकामी आहे. कारण लिहिलेलं नाही.

निवेदन मी २४ एप्रिलला देणार आहे. तिसऱ्या मुद्द्यासमोर तुमच्या सहीसाठी जागा सोडली आहे. सही असेल तर आपण दोघांनी दिलं असं होईल. नसेल तर मी एकटी देईन, आणि त्यातला एकही शब्द बदलणार नाही.

उत्तर मला २१ एप्रिलपर्यंत मिळेल असं पाठवा. टपालाने. हातोहात नको.

तुमची
मिलिग्रॅम